मुकाबाना काकांची बोअरच्या गाडीशी टक्कर

मुकाबाना काकांची बोटं कधी गप्प बसत नाहीत. जेवायला बसले की मक्याच्या पिठाची उगाली निवेपर्यंत ताटाच्या कडेवर ताल धरतात, चहाला आले की माझ्या टेबलावर, आणि कुणाच्या मयताला गेले की शवपेटीवर. शवपेटीवर वाजवलं तेव्हा डोरिका काकूंनी सगळ्यांदेखत त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "अहो, तो आता बाहेर येत नाही. तो काय वाळवी आहे?" रडणारी माणसं हसायला लागली. जिचा नवरा गेला होता तिलाही हसू आवरेना. मी भजनाच्या पुस्तकात तोंड घातलं ते दफन होईपर्यंत वर काढलं नाही.

काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलते. त्यांच्या आणि आमच्या अंगणात फक्त केळीचं कुंपण. लग्न होऊन मी या टेकाडावर आले त्या पहिल्याच सकाळी टकटक ऐकून मी दार उघडलं. कोणी नाही. पुन्हा टकटक, पुन्हा मी दारात. शेवटी सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या, "दार लाव गं. मुकाबाना वारुळाला उठवतोय."

आमच्याकडे गाईला मालक असतो तसा वारुळालाही असतो. जमीन विकली तरी वारूळ विकलं जात नाही, ते बापाकडून लेकाकडे येतं. काकांचं वारूळ त्यांच्या घरामागे, माणसापेक्षा उंच, त्यांच्या आजोबांपासूनचं. वाळवीला पंख फुटायचे दिवस आले की काका त्यावर वाकवलेल्या काठ्यांचा सांगाडा उभारतात, वर जुनी घोंगडी आणि केळीची पानं टाकून आत अंधार करतात. एका बाजूला तेवढं उजेडाचं भोक, भोकाखाली मडकं. मग पाणी शिंपडायचं, जमिनीवर फळी ठेवायची आणि दोन काठ्यांनी पाऊस वाजवायचा. खाली वाळवीला वाटतं, आला पाऊस, निघा. पंखवाली पाखरं उजेडाकडे धावतात आणि मडक्यात पडतात. मीठ टाकून तव्यावर परतली की घरात शेवटच्या मुठीवरून भांडण ठरलेलं.

फळी काय, कोणीही बडवतं. पण काकांचा पाऊस खरा असतो. आधी चार थेंब, मग विचार करत असल्यासारखा थांबतो, मग एकदम टपोरा. एकदा तो ऐकून मी दोरीवरचे सगळे कपडे ओढून घरात आणले. बाहेर लख्ख ऊन, आणि कुंपणापलीकडून काका विचारतायत, "काय झालं सूनबाई, पाहुणे येणार आहेत का?" चारी बाजूंच्या वाड्या त्यांना आपापली वारुळं वाजवायला बोलावतात. ते मजुरी घेत नाहीत, एक वाटी पाखरं घेतात आणि दोन वाट्या कौतुक.

तरुणपणी ते साखर कारखान्यात लागले होते. महिना भरायच्या आत परत आले. "ते यंत्र पावसासारखं वाजत नाही," एवढंच कारण सांगितलं. प्रार्थनेतही तेच. आमच्या फ्रेंड्स पंथाच्या मंडळीत उपदेशाआधी थोडा वेळ सगळे गप्प बसतात, देवाचं ऐकू यावं म्हणून. त्या शांततेत देवाचं सोडून काकांचंच ऐकू यायचं. पास्टर मुलिंदींनी हात जोडून सांगितलं, "मुकाबाना, हातमोजे तरी घालून या." पुढच्या रविवारी काका लोकरीचे लाल हातमोजे घालून बसले. आणि पायांनी वाजवलं.

अशा माणसाच्या वारुळावर सोनं शोधणाऱ्या कंपनीची नजर गेली.

सोनं आमच्या टेकाडाला नवं नाही. सासूबाई लहान असताना गोरे आले, खड्डे पाडले आणि निघून गेले. त्या खड्ड्यांत आम्ही आता अळू लावतो. बायका अजूनही ओढ्यात कढई फिरवून चिमूटभर सोनं काढतात, त्यात एखाद्या लेकराची वह्यापुस्तकं होतात. पण या कंपनीचा साहेब वेगळाच निघाला. म्वाकिओ त्याचं नाव, किनाऱ्याकडच्या डोंगरातला पोरगेला माणूस, हनुवटीखाली दोरी बांधलेली टोपी. तो ओढ्याकडे फिरकलाच नाही. वारुळं शोधत हिंडायचा, प्रत्येकाला नमस्कार करून विचारायचा, "आपल्या वारुळाची मूठभर माती घेऊ का?" म्हणायचा, वाळवी फार खोलवरची माती वर आणते, तीच तपासली की खाली काय आहे ते कळतं.

लोकांना एवढंच कळलं की खाली काहीतरी आहे. दुसऱ्या दिवसापासून टेकाडावरचे सगळे दगड घरात गेले. डोरिका काकूंनी दारातला दगड उचलून पलंगाखाली ठेवला.

मी म्हटलं, "काकू, तो पाय घासायचा दगड आहे हो."

"असू दे. उद्या कळेल कोण कुणाचे पाय घासतं ते."

महिन्याभराने म्वाकिओ काकांच्या अंगणात आला. मी तिथे काकूंना भाजी निवडू लागले होते. तो टोपी काढून म्हणाला, "काका, चांगली बातमी आहे. तुमच्या वारुळाच्या मातीत सोन्याचा अंश सापडला. तिथेच बोअर घ्यायचा आहे."

"तिथेच म्हणजे?"

"म्हणजे... वारुळाच्या जागी. भरपाई देऊ ना आम्ही."

"वारुळाची भरपाई?" काकांची बोटं थांबली. ती थांबलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "तुझ्याकडे दुसरं वारूळ आहे?"

"वाळवी पुन्हा बांधते काका."

"राणी मेली की कोण बांधतं रे? याच्यावर माझा आजा वाजवायचा, माझा बाप वाजवायचा. हे गेलं तर मी कोण? नुसता टेबलं बडवणारा म्हातारा."

"ते तुम्ही आत्ताही आहात," काकू म्हणाल्या. पण सांगताना आवाज त्यांचाही नीट नव्हता.

म्वाकिओच्या मागे ओगाला उभा होता. बोअरची गाडी चालवणारा, मोठ्या तळ्याकडचा, पोट पुढे आणि आवाज त्याच्याही पुढे. तो हसून म्हणाला, "अहो आजोबा, काळजी कशाला? माझी गाडी नुसती घरघरली ना, की तुमची सगळी पाखरं नाचत वर येतील. या दोन काटक्यांनी कधी काय झालंय!"

अंगणात शेजारपाजारची बरीच माणसं जमली होती. सगळ्यांच्या माना ओगालाकडे वळल्या.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे शनिवारी बैलांची टक्कर लागते. कुणी कुणाच्या बैलाला असं तोंडावर हिणवलं की पुढचं सगळं आपोआप ठरतं, कुणी ठरवायला बसत नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "शनिवारी!" आणि झालं. जो मैदान सोडून जाईल तो हरला. काका हरले तर वारूळ खणायचं, गाडी हरली तर वारुळाला हात लावायचा नाही.

"मी असं काहीही म्हटलेलं नाही," म्वाकिओ दोन्ही हात वर करून सांगत होता. "आधी मला कंपनीला विचारावं लागेल!"

पण तोवर इसुकुटीचे ढोल कोणाकडून आणायचे यावर वाद सुरू झाला होता.

त्या आठवड्यात टेकाडाचे दोन तट पडले. म्हातारे आणि बायका काकांकडून. तरुण पोरं गाडीकडून, कारण ओगालाने त्यांना गाडीवर बसून फोटो काढू दिले होते. त्यांनी गाडीचं नावही ठेवलं, गडगड्या. ती लोखंडी पट्ट्यांवर सरपटत चालणारी गाडी होती, रणगाड्यासारखी, मधोमध उंच खांब. पोरांनी तिला रोज पुसलं. खांबाला बैलाच्या शिंगासारखी पानांची माळ बांधली. म्वाकिओ घरोघर जाऊन काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होता. शुक्रवारी तो माझ्याही दारात आला. "वहिनी, एक महत्त्वाचं..." तेवढ्यात रस्त्याने ढोल गेले. मी कानावर हात ठेवला, त्यानेही ठेवला, आणि मान हलवून निघून गेला.

काकूंची वेगळीच तक्रार. "टक्करीत बैल म्हणून तुम्हीच उभे राहणार ना? मग आजपासून गोठ्यात झोपा. आणि ते हातमोजे घालू नका, बैल हसतील."

काका मात्र जेवत नव्हते. फळीवर हलकेच बोटं फिरवत बसायचे. मी संध्याकाळी अळूचं भांडं घेऊन गेले तर म्हणाले, "सूनबाई, तू प्रार्थना करतेस ना रोज? माझ्यासाठी एक कर. सोनं नको म्हणावं. राणी खाली आहे तिथेच राहू दे म्हणावं." मी मनापासून केली. देवाला वाळवीच्या राणीचं सांगायला आधी थोडं अवघडल्यासारखं झालं, पण तिलाही त्यानेच केलंय.

शनिवारी सकाळी गडगड्या वाजत गाजत काकांच्या अंगणात आला. पोरं पुढे नाचतायत, तोंडात शिट्ट्या, हातात फांद्या. म्वाकिओ मधोमध उभा राहून "गाडीपासून लांब राहा!" असं ओरडत होता. त्याच्याकडे थोडी शिरस्त्राणं होती ती त्याने वडीलधाऱ्यांना वाटली. पास्टर मुलिंदी शांतता राखायला आले होते. त्यांना पिवळं शिरस्त्राण मिळालं आणि ते त्यांनी सबंध दिवस उतरवलं नाही.

आता इथे एक गोष्ट घडली ती ओगालाला माहीत नव्हती, कारण तो तेव्हा माझ्याकडे चहाबरोबर तळलेली गोड मांदाझी खात बसला होता. टक्करीआधी बैलाला बुसा पाजायची आमच्याकडची रीत आहे. मक्याची आंबवलेली दारू, बैल त्याने चवताळतो. पोरांनी मनोभावे रीत पाळली. बोअरला खाली पाणी सोडावं लागतं, त्यासाठी गाडीजवळ मोठी टाकी असते. पोरांनी तीत पिंपभर बुसा ओतला.

ढोल थांबले. काका फळी घेऊन वारुळापाशी बसले, बाजूला गडगड्याचा खांब उभा राहिला. ओगालाने काकांना सलाम ठोकला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

गाडी सुरू झाली तशी जमीन हलली. माझे दात वाजायला लागले. काकांच्या काठ्या फळीवर पडताना दिसत होत्या पण आवाज काहीच येत नव्हता, जणू माणूस पुसून टाकलाय आणि हात तेवढे राहिलेत. आम्ही बायका मडक्याकडे बघत होतो. एक पाखरू नाही. गाडीकडची पोरं नाचत होती. काकूंनी माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी निळा झाला होता.

मग बोअरच्या तोंडातून फेस यायला लागला.

आधी थोडा, मग बादलीभर, मग दूध उतू जावं तसा. पांढरा, फसफसणारा, आणि त्याचा तो वास. अंगणातले काही पुरुष नकळत दोन पावलं पुढे सरकले. ओगालाने गाडी बंद केली, बोट फेसात बुडवलं, चाटलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला त्याची दया आली.

"हे काय आहे? माझ्या गाडीत काय घातलं?"

एक पोरगा अभिमानाने पुढे आला. "बुसा पाजला भाऊ. पिंपभर. आम्ही एक थेंब नाही घेतला."

"थोडा घेतला," मागचा म्हणाला.

"थोडा घेतला," पहिल्याने कबूल केलं.

"अरे गाढवांनो, पंपात मक्याचा चोथा अडकलाय! आता सगळं उपसून ओढ्यावर नेऊन धुवावं लागेल!" ओगाला कपाळ बडवत गाडीवर चढला. खांब आडवा झाला आणि गडगड्या पीं पीं पीं करत अंगणाबाहेर सरकायला लागला.

क्षणभर कोणाच्या लक्षात आलं नाही. मग काकू किंचाळल्या, "पळाला! मैदान सोडून पळाला!"

आणि जो गोंधळ झाला! आमच्याकडच्या बायका लुलुलु करत नाचायला लागल्या. पोरं म्हणाली, हे खरं नाही, गडगड्याने पाठ फिरवलेली नाही, तो तोंड समोर ठेवून मागे गेला, बैल असा गेला तर हरत नाही. आमचे म्हातारे म्हणाले, त्याचं तोंड या बाजूला नव्हतंच, त्या बाजूला होतं. यावर भांडण इतकं पेटलं की शेवटी सगळे गाडीमागे धावले आणि ओगालाला थांबवून विचारलं, "गाडीचं तोंड कुठे आहे?"

"तोंड खाली असतं! जमिनीत!" तो ओरडला आणि गेला.

सगळे पास्टर मुलिंदींकडे आले. त्यांनी शिरस्त्राण सरळ केलं, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "तोंड कुठेही असो. रडत कोण गेलं ते आपण सर्वांनी ऐकलं." पीं पीं पीं अजून रस्त्यावरून येत होतं. निकाल लागला.

काकांना खांद्यावर घ्यायला माणसं धावली तर काका जागचे हललेच नव्हते. ते वाजवतच होते. आता गाडी नव्हती, ढोल नव्हते, आणि काकांचा पाऊस ऐकू यायला लागला. चार थेंब. थांबणं. मग टपोरा. सगळी माणसं जिथल्या तिथे खाली बसली. आमच्या मंडळीत इतकी शांतता मी रविवारीही पाहिलेली नाही. आणि घोंगडीखालून सळसळ आली, आणि भोकातून पाखरांची धारच लागली. मडकं भरलं, काकूंनी दुसरं लावलं, मग बादली, मग पदर.

"थांबा!" कुणीतरी म्हणालं. "इथली जमीन आत्ताच दारू प्यायलीय. मंडळीच्या माणसांनी ही पाखरं खावीत का?"

आमच्यात दारू वर्ज्य. पुन्हा सगळे पास्टरांकडे. त्यांनी मूठभर पाखरं घेतली, पंख झटकले, तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "तारण होण्याआधी मला या वासाची चांगली ओळख होती," ते म्हणाले. "पण अजून नक्की सांगता येत नाही." दुसरी मूठ गेली. तिसरीला काकूंनी बादली मागे ओढली. "शुद्ध आहेत," पास्टर घाईने म्हणाले.

पहिली वाटी परतून तयार झाली तेव्हा म्वाकिओ काकांशेजारी जमिनीवर बसला होता. दोन घास खाल्ल्यावर म्हणाला, "काका, आता सांगू का? गाडी तिरकी करता येते. त्या केळीच्या कुंपणापलीकडून तिरपा बोअर घेतला तर वारुळाच्या बऱ्याच खालून जाईल. राणीला धक्का लागत नाही. खर्च जास्त, म्हणून कंपनीला विचारलं. बुधवारी हो म्हणाले."

काका चावायचे थांबले. "आणि तू हे आत्ता सांगतोयस?"

"बुधवारपासून सांगतोय! मी तोंड उघडलं की ढोल वाजायचे!"

"म्हणजे मी उगाच जिंकलो?"

"जिंकलात ना, मग उगाच कसं?" काकू म्हणाल्या. "गप खा."

काकांनी खाल्लं, पण त्यांची बोटं वाटीवर विचार करत होती. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. जा खालून. पण राणीच्या खालून जायचं तर तालात जायचं. मी बसणार तुझ्या त्या पोटल्याशेजारी."

म्वाकिओने दगड किती कठीण, गाडीचा वेग किती, असं काहीसं समजवायला सुरुवात केली. काका म्हणाले, "दगडाला काय कळतंय पावसाचं!"

पुढच्या आठवड्यात गडगड्या धुऊन पुसून कुंपणाच्या आमच्या बाजूला उभा राहिला, खांब तिरका. ओगालाच्या शेजारी लाकडी खोक्यावर काका बसले, हातात काठी. गाडी सुरू झाली आणि ते ओगालाच्या शिरस्त्राणावर वाजवायला लागले.

"हळू. हळू रे! हा पाऊस आहे की मारामारी? थांब आता. थांब म्हणतो ना. हं, आता टपोरा."

"आजोबा, माझं डोकं!"

"डोक्यानेच ऐकायचं असतं."

काय झालं कोण जाणे, काकांचा ताल लागू पडला की गाडीची घरघर खालपर्यंत पोचली. काकांचंच नव्हे, टेकाडावरचं प्रत्येक वारूळ उठलं. माझ्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातूनसुद्धा पाखरं निघाली, आणि तिथे वारूळ आहे हे मला माहीतही नव्हतं. बायका भांडी घेऊन धावल्या, पोरं सदरे काढून धावली, पास्टर ते पिवळं शिरस्त्राण उलटं धरून धावले. ओगालाने गाडी बंद केली आणि तोही धावला.

"ताल सोडून कुठे चाललास?" काका खोक्यावर उभे राहून ओरडत होते.

बोअर नंतर पुरा झाला. कंपनीने बोअरमधून निघालेल्या दगडाच्या लांब कांड्या खोक्यांत भरून नेल्या आणि अजून काही कळवलेलं नाही. काकूंचा दगड पलंगाखालीच आहे. वारूळ उभं आहे, उलट हातभर वाढलंय.

टेकाडभर वारुळं उठली त्या दिवशी संध्याकाळी सगळ्या घरांतून मीठ आणि परतलेल्या पाखरांचा वास येत असताना मी काकांना विचारलं, "खरं सांगा, इतकी पाखरं कोणी उठवली? तुम्ही की गाडीने?"

काकांनी माझ्या टेबलावर दोन बोटं आपटली आणि जरा विचार केला.

"गडगड्या वाईट नाही," ते म्हणाले. "शिकतोय."